कुंदाला कळत होतं

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पोलिसांनी कुंदाला शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून उचललं, तेव्हा गॅसवर साठ मुलांची खिचडी शिजत होती. तिनं एवढंच विचारलं, "गॅस बंद करू का?" बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि ती जीपमध्ये जाऊन बसली.

हेमलताला निरोप कोर्टात मिळाला. हेमलता उबाळे कासारबारीच्या तालुका कोर्टात विधी सहायक होती. एकोणीस वर्षं तिचं काम एकच होतं: अटक झालेल्या माणसाला त्याच्यावर काय आरोप आहे, कोणतं कलम लागलंय, जामीन मिळतो की नाही आणि शिक्षा किती होऊ शकते, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. आणि कुंदा तिची धाकटी जाऊ होती. एकाच घरात, एकाच ओट्यावर दोघी गेली अकरा वर्षं स्वयंपाक करत होत्या.

पोलीस ठाण्यात हवालदार लोंढे दारातच उभे होते. त्यांनी आधी हेमलताच्या सहीसाठी वही पुढं केली.

"बाई, नियम तुम्हाला मी सांगायला नको. डबा द्या, तब्येत विचारा. आरोपाबद्दल एक अक्षर नाही. चाचणी उद्या अकराला आहे."

"माहीत आहे मला."

"तुमचंच माणूस आहे म्हणून सांगतो. नाहीतर मी मध्ये उभा राहिलो असतो." असं म्हणून लोंढे चहा प्यायला बाहेर गेले.

कुंदा लॉकअपच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. हेमलताला पाहून उठली आणि गजांजवळ आली.

"अक्का, काय घातलंय माझ्यावर?"

हेमलताच्या तोंडून आयुष्यात हजारो वेळा गेलेलं वाक्य गळ्यापर्यंत आलं. तिनं डबा आत सरकवला.

"जेवून घे."

कुंदानं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "बरं. ईश्वरीची वेणी आज कोण घालणार? घट्ट घातली तर रडते ती. डाव्या बाजूनं आधी घ्यायची."

पुढची दहा मिनिटं दोघी सात वर्षांच्या ईश्वरीबद्दलच बोलत राहिल्या. हेमलता गजांना कपाळ टेकवून ऐकत होती. लोंढे परत आले तेव्हा ती बाजूला झाली आणि वहीत वेळ लिहून निघाली.

ज्या कायद्यामुळं तिला तोंड बंद ठेवावं लागलं होतं, तो यावा म्हणून सात वर्षांपूर्वी ती स्वतः मुंबईला जाऊन समितीपुढं बोलली होती.

त्यामागं एक साधी गोष्ट होती. आपल्याला पक्की माहीत असलेली बाब कुणी चुकीची सांगितली, की आपला मेंदू अडखळतो. 'सूर्य पश्चिमेला उगवतो' हे वाक्य वाचताना 'पश्चिमेला' या शब्दापाशी, अर्ध्या सेकंदाच्या आत, मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. डोक्याला लावलेल्या संवेदकांनी ती टिपता येते. ती दाबून धरणं आपल्या हातात नसतं. तोंड गप्प राहतं, मेंदू राहत नाही. आणि सूर्य कुठं उगवतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मेंदूत ती लहर उठतच नाही. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होतं, पण लहर इतकी क्षीण असे की एकच गोष्ट शंभर वेळा दाखवून सरासरी काढावी लागे. मग नवे संवेदक आले, संगणकाला गोंगाटातून लहर वेगळी काढता येऊ लागली, आणि एका टोपीत, वीस मिनिटांत, एखाद्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे मोजता येऊ लागलं. यंत्राचं नाव पडलं जाणीवमापक.

राज्यानं त्यावर कायदा केला. खून, बलात्कार असे गुन्हे सोडून बाकीच्यांत आरोपीची चाचणी घ्यायची. पडद्यावर एकेक गुन्हा आणि त्याची शिक्षा दाखवायची, निम्म्या जोड्या बरोबर, निम्म्या चूक. चुकीच्या जोडीला मेंदू अडखळला नाही, तर आरोपी अजाण; त्याला समज देऊन सोडायचं. थोडा अडखळला तर अर्धजाण, शिक्षा अर्धी. सगळीकडं अडखळला तर जाणता. जाणत्यानं कायदा माहीत असून मोडलेला असतो, म्हणून त्याला कमाल शिक्षा, कुठलीही सूट नाही.

हेमलताच्या डोळ्यांपुढं तेव्हा एकच माणूस होता. घोरपड मारली म्हणून अकरा महिने कच्च्या कैदेत राहिलेला साठीचा म्हातारा. घोरपड मारणं गुन्हा आहे हे त्यानं हेमलताच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तो तिच्याकडं असा बघत राहिला की तिला आठवडाभर जेवण गेलं नाही. 'न कळता केलेल्याला कळून केलेल्याची शिक्षा देऊ नका,' असं ती समितीला म्हणाली होती. टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या वर्षी तिच्या कोर्टातून तशी एकतीस माणसं घरी गेली. ती त्या वर्षी सुखानं झोपत असे.

पण यंत्राला एक गोष्ट कळत नव्हती. आरोपीला हे कधीपासून माहीत आहे, ते. कालपासून की वीस वर्षांपासून, लहर सारखीच. पोलिसांनी अटक करताना आरोप वाचून दाखवला, की तेवढ्यानंही लहर उठे. वकील तक्रार करू लागले. तेव्हा कायद्यात दुरुस्ती झाली: अटकेपासून चाचणी होईपर्यंत आरोपीला त्याच्यावरचा आरोप कुणीही सांगायचा नाही. सांगितला तर चाचणी रद्द, आरोपी आपोआप अजाण, आणि सांगणाऱ्याला तीन वर्षं.

आणि मग लोक शहाणे झाले. कायदा माहीत नसण्यात फायदा आहे हे एकदा लक्षात आल्यावर कोण शिकणार? आईबाप शाळेत येऊन नागरिकशास्त्राच्या तासाला मुलाला बाहेर बसवा म्हणून सांगू लागले. एसटी स्टँडवरची कायद्याची पाटी कुणीतरी डांबर फासून काळी केली, आणि ती पुन्हा रंगवायला कुणी तयार होईना. कारखान्याच्या मालकांनी कायद्याचा माणूस दुसऱ्या इमारतीत बसवला आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. दरवर्षी चाचणी करून 'अजाण दाखला' घेऊन ठेवायची पद्धत पडली. नोकरीला, प्रवेशाला, सोयरिकीलाही तो मागू लागले. दाखला असलेला माणूस म्हणजे बिनधोक माणूस.

हेमलता दर रविवारी बायकांसाठी कायद्याचा वर्ग घेत असे. चाळीस बायकांवरून तो सहावर आला, मग दोनवर. शेवटी एकटी कुंदा उरली, आणि वर्ग घरातल्या ओट्यावर आला. लसूण सोलता सोलता कुंदा विचारायची, "अक्का, हुंडा घेणाऱ्याला किती? आणि देणाऱ्याला?"

"कुंदे, कशाला डोक्यात भरतेस? उद्या काही झालं तर तुलाच जड जाईल."

"जाऊ द्या. मला न कळलेल्याची भीती वाटते. कळलं की तेवढी राहत नाही."

पोषण आहाराच्या खोलीत खिचडी वाढताना कुंदाला वैजूबद्दल कळलं. वैजयंती घुले, नववीत, पंधरा वर्षांची. ती चार दिवस ताट घ्यायला आली नाही, पाचव्या दिवशी आली ती हाताला हळद लावून. तिच्या बापानं, बाबाजी घुल्यानं, शनिवारचं लग्न ठरवलं होतं. नवरा एकतीस वर्षांचा, टेम्पोवाला.

कुंदा आधी ग्रामसेवकाकडं गेली. त्यानं तिला उंबऱ्यावरच थांबवलं, दोन्ही हात कानांवर ठेवले.

"बाई, मला सांगू नका. तुम्ही सांगितलं की मला कळलं असं होतं. मग काही केलं नाही तर मी अडकतो."

"मग करा ना काहीतरी."

"ऐकलंच नाही मी."

मुख्याध्यापक रजेवर गेले. मुलांच्या मदतीच्या फोनवर यंत्राचा आवाज आला: आपली तक्रार नोंदवण्यापूर्वी आपण जाणते आहात का ते सांगा. कुंदानं 'हो' म्हटलं, सगळं सांगितलं. तक्रार नोंदली गेली, चौकशीची तारीख सोमवारची मिळाली. लग्न शनिवारी होतं.

शुक्रवारी सकाळी सातच्या एसटीनं कुंदा वैजूला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेली आणि तिला मुलींच्या वसतिगृहात ठेवून दुपारच्या गाडीनं परत आली. आल्यावर तिनं हेमलताला सांगितलं. अल्पवयीन मुलीला तिच्या पालकांच्या ताब्यातून त्यांच्या परवानगीवाचून नेणं म्हणजे अपहरण, आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा, हे दोघींनाही माहीत होतं. हेमलतानं तिला चहा करून दिला.

बुधवारी अकरा वाजता चाचणी झाली. कोर्टाच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी जुन्या फायली असत. निखाते नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. तिनं कुंदाच्या केसांतून संवेदक सरकवले, टोपी बसवली. विधी सहायक म्हणून हेमलताला हजर राहावं लागलं. तिनं सुट्टी मागितली होती, ती मिळाली नव्हती.

"मावशी, फक्त पडद्याकडं बघा. काही बोलायचं नाही."

चोरी – तीन वर्षं. रेषा सपाट. बालविवाह लावणं – समज. रेषा उसळली. अपहरण – सहा महिने. रेषा इतकी उसळली की निखातेनं मान वर करून कुंदाकडं बघितलं. अपहरण – सात वर्षं. सपाट. खोटी साक्ष, सरकारी कामात अडथळा, विनयभंग. प्रत्येक चुकीपाशी ती रेषा उसळत होती, आणि प्रत्येक उसळीत हेमलताला ओट्यावरचा एकेक रविवार दिसत होता. या मेंदूत जे होतं ते तिनंच भरलं होतं.

शंभरपैकी चौऱ्याण्णव. निखातेनं आकडा कागदावर लिहिला आणि हळूच म्हणाली, "इतका मी कुणाचाच पाहिला नाही. वकिलांचासुद्धा."

कुंदाच्या तक्रारीवरून त्याच आठवड्यात बाबाजी घुल्याची चाचणी झाली. तीन निघाले. दाखला त्याच्याकडं आधीपासून होताच. साक्षीदार म्हणून वैजूचीही झाली, नऊ.

कुंदाचा नवरा सोपान शाळेत शिपाई होता. मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो रविवारी पटवेकर वकिलांना घरी घेऊन आला. हेमलताचा नवरा दिगंबर, सोपानचा थोरला भाऊ, तोही होता. ईश्वरीला शेजारी पाठवलं होतं.

पटवेकरांनी चष्मा पुसला. "एक वाट आहे. लॉकअपसमोर कॅमेरा आहे. त्याच्यात आवाज येत नाही. मंगळवारी हवालदार बाहेर गेल्यावर दहा मिनिटं हेमलताबाई गजांना डोकं लावून बोलताना दिसतात. कोर्टात बाई एवढंच म्हणाल्या, की 'मी तिला आरोप सांगितला, शिक्षाही सांगितली,' की चाचणी रद्द. कुंदाबाई अजाण. संध्याकाळी घरी."

"आणि हिला?" दिगंबरनं विचारलं.

"तीन वर्षं. चांगली वर्तणूक धरून दोन. नोकरी जाईल."

"म्हणजे एक सून सोडवायची आणि दुसरी आत टाकायची."

"दादा," सोपान म्हणाला, "सात आणि दोन यांत फरक आहे. आणि हे वहिनींच्या वर्गानं झालंय. मी कुंदाला शंभरदा सांगितलं, दाखला काढून ठेव म्हणून. ती म्हणायची, अक्का सांगते ते मला ऐकायचंय. वहिनी, तुम्ही तिला शिकवलं नसतं तर ती आज घरी असती."

"शिकवलं नसतं तर तिनं त्या पोरीला नेलं नसतं, असं वाटतं तुला?"

"नेलं असतं. पण तिला माहीत नसतं की काय करतेय."

एकोणीस वर्षं हेमलतानं कोर्टात एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नव्हतं. पण तिला वाटत राहिलं की त्या दहा मिनिटांत खरंच एक शब्द कुजबुजली असती, तर कुंदा सुटली असती. तिनं नियम पाळला होता. नियमही तिच्याच कायद्याचा होता.

"मी म्हणेन तसं," ती म्हणाली.

दिगंबर उठून बाहेर गेला. सोपाननं तिच्या पायांना हात लावला. अकरा वर्षांत तो असा कधी वाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती जिल्हा कारागृहात कुंदाला भेटायला गेली. कुंदा वाळली होती. काचेपलीकडून तिनं फोन कानाला लावला आणि सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, अजाण ठरलेल्या माणसाची त्याच घटनेतली साक्ष धरत नाहीत ना?"

हेमलतानं मान वर केली.

"तुम्हीच शिकवलंय. दिवाळीच्या आधी, करंज्या करत होतो."

"नाही धरत."

"मग मी केलेली लग्नाची तक्रारही गेली. वैजू तर अजाणच निघालीय. तिचं कुणी ऐकणार नाही. म्हणजे तिचं लग्न होत होतं हे सांगणारं कुणीच उरत नाही. मग त्या पोरीला वसतिगृहात कशाच्या जोरावर ठेवतील?"

"नाही ठेवणार. बापाच्या ताब्यात देतील."

"किती दिवसांत?"

"आठवड्यात."

कुंदानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग तुम्ही असं बोलू नका."

"कुंदे, सात वर्षं आहेत. ईश्वरी चौदाची होईल. तिला तू आठवणारसुद्धा नाहीस नीट. सोपान मोडून जाईल. परक्याच्या पोरीसाठी—"

"मला बोलू द्या." तिचा आवाज चिरकला. "मी काही मोठी बाई नाही. शुक्रवारी एसटीत मी दाराजवळच बसले होते. सात वर्षं, सात वर्षं, असं चाकांबरोबर डोक्यात वाजत होतं. दोनदा उतरावंसं वाटलं. नाही उतरले. आता तुम्ही कोर्टात सांगणार, हिला काही कळत नव्हतं. मग जे केलं ते कुणी केलं, अक्का? मला कळत होतं. तेवढं तरी माझं राहू द्या."

"आणि मला पुढं कसं जगायचं ते सांग."

"ते मला नाही सांगता येत," कुंदा म्हणाली, आणि मग डोळे पुसून, "ईश्वरीचे केस कापून टाका. वेणीचा त्रास नको."

निकालाच्या दिवशी कोर्ट भरलेलं नव्हतं. आता कोर्टात बघ्यांची गर्दी होत नसे. ऐकलेलं डोक्यात राहतं. सोपान पुढच्या बाकावर बसला होता, त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुंदाला घरी न्यायचं म्हणून तिची निळी साडी पिशवीत घालून त्यानं आणली होती. आदल्या दिवशी कुंदा काय म्हणाली ते हेमलतानं त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. तिला धीर झाला नाही.

ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. पटवेकरांनी प्रश्न नीट, हळू विचारला.

"अकरा तारखेला सकाळी, चाचणीच्या आधी, आपण आरोपीला तिच्यावरचा आरोप किंवा त्याची शिक्षा सांगितली होती का?"

सोपान पुढं सरकून बसला. कुंदा आरोपीच्या जागेवर उभी होती. ती हेमलताकडं बघत नव्हती, खाली बघत होती. ती मदत करत नव्हती आणि अडवतही नव्हती. हेमलताला वाटलं, हो म्हणावं. एकच अक्षर. वैजू मोठी होईल, निभावेल, पोरी निभावतात. तिनं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

पटवेकरांनी पुन्हा विचारलं. "बाई, नीट आठवून सांगा. दहा मिनिटं आपण काय बोलत होता?"

"तिच्या मुलीच्या वेणीबद्दल."

मागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सोपानच्या हातातली पिशवी होती.

बाबाजी घुल्याला अजाण म्हणून समज देऊन सोडलं. न्यायाधीशांनी त्याला अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावू नये असं सांगितलं; त्यानं हात जोडले. आता त्याला एवढं कळलं होतं, आणि पुढच्या वेळी ते मोजलं जाणार होतं. वैजूला अठरा पूर्ण होईपर्यंत वसतिगृहात ठेवायचा आदेश झाला. कुंदाला, श्रेणी जाणती, सात वर्षं. न्यायाधीशांनी नियमाप्रमाणं विचारलं, "शिक्षा समजली का?"

"हो, साहेब," कुंदा म्हणाली.

सोपान तीन दिवसांनी ईश्वरीला घेऊन कुंदाच्या माहेरी राहायला गेला. जाताना तो ओट्यापाशी थांबला. "वहिनी, तुम्ही मला आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी साडी आणली नसती," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं हेमलताशी संबंध ठेवला नाही. ईश्वरीच्या वाढदिवसाला हेमलता गेली, तर दारातूनच कळलं की मुलगी आत्याकडं गेलीय. आत ईश्वरीची चप्पल दिसत होती. ती परत आली. दिगंबर तिला दोष देत नसे. तो तिच्याशी घरातल्या लागणाऱ्या गोष्टींपुरतंच बोलू लागला, आणि ते तिला दोषापेक्षा जड जाई. वर्षभरात तिनं नोकरी सोडली. अटक झालेल्या माणसांसमोर मुकाट बसण्याचं काम दुसरं कुणीही करू शकत होतं.

वसतिगृहाला वैजूसाठी एक स्थानिक पालक हवा होता. बापानं तिच्याशी नातं तोडलं होतं. हेमलतानं फॉर्म भरला. सुरुवातीला वैजू तिच्याशी नीट बोलत नसे. तिला आई आठवायची, धाकटा भाऊ आठवायचा. एकदा ती चिडून म्हणाली, "मी कुणाला म्हटलं होतं मला पळवून न्या म्हणून? तुमच्या कुंदामावशीनं मला विचारलंसुद्धा नाही." हेमलतानं ते कुंदाला कधी सांगितलं नाही. मग दहावीच्या सुट्टीत वैजूनं तिच्याकडं कुंदाच्या खटल्याच्या निकालपत्राची प्रत मागितली. एक्केचाळीस पानं. हेमलतानं द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा तिनं स्वतः अर्ज करून ती मिळवली. शब्दकोश घेऊन बसली. त्यात आलेली कलमं पाहायला ग्रंथालयात गेली. ग्रंथपालानं ते कपाट कुलपात असल्याचं सांगितलं, तर ती रोज जाऊन दारात बसू लागली, शेवटी त्यानं कंटाळून किल्ली दिली.

आयटीआयच्या प्रवेशासाठी अजाण दाखला लागत होता. वैजूला अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते, म्हणून पालक बरोबर हवा. जूनमधल्या एका सोमवारी हेमलता तिला घेऊन चाचणी केंद्रात गेली. टोपी बसवायला निखातेच होती. तिची बदली इकडं झाली होती. तिनं हेमलताला ओळखलं.

पडद्यावर जोड्या येऊ लागल्या. पाचव्या जोडीनंतर निखातेनं यंत्र थांबवलं.

"उबाळेबाई, जरा बाहेर या."

बाहेर येऊन ती खालच्या आवाजात म्हणाली, "ही तर प्रत्येक चुकीला अडखळतेय. असं झालं तर हिला आयटीआय नाही, नर्सिंग नाही, सरकारी कारकुनीसुद्धा नाही. कुठं काही बारीकसं झालं, की कमाल शिक्षा. डाव्या बाजूचा संवेदक मी जरा सैल करते. रेषा सपाट येईल. मी हे कुणासाठी केलेलं नाही अजून."

हेमलताला आत जाऊन मुलीला सांगावंसं वाटलं, हे घे, गप्प बस, घे. तिनं दार ढकललं आणि वैजूला जसंच्या तसं सांगितलं.

वैजूनं टोपीवर हात ठेवला. "सैल केला तर त्याला काय म्हणतात?"

"सरकारी नोंदीत फेरफार."

"किती?"

"पाच वर्षं," हेमलता म्हणाली. "निखातेबाईंना. आणि आता तुलाही, कारण तू विचारलंस आणि मी सांगितलं."

"मग नको. त्यांनाही नको." ती पडद्याकडं वळली. "चालू करा मॅडम."

सत्त्याऐंशी आले. निखातेनं दाखल्यावर 'जाणती' असा शिक्का मारला आणि तो दोन बोटांनी पुढं सरकवला. हेमलतानं पालकाच्या रकान्यात सही केली. सही दोनदा करावी लागली.

परतीच्या एसटीत वैजू खिडकीकडं बसली. "आता काय करणार तू?" हेमलतानं विचारलं.

"काहीतरी करीन. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात माणूस हवंय. तिथं दाखला मागत नाहीत." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण मला भीती वाटतेय."

"वाटणारच."

मुलीनं खिडकीला डोकं टेकवलं आणि बघता बघता ती झोपली, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलासारखी. हेमलता तिच्या शेजारी ताठ बसून राहिली. एखादी बाई आयुष्यात न कळत किंवा नाइलाजानं काय काय करून बसते, आणि त्या प्रत्येक गोष्टीसाठी या मुलीला पुरी किती वर्षं पडतील, हे ती मनातल्या मनात मोजू लागली. तिला सगळं पाठ होतं. गाव यायला अजून तासभर होता.